कॅलिफोर्नियाचे दोन, वायोमिंगचेही दोन

परवा चहा येईपर्यंतच नितीन आणि वर्षाची जुंपली होती. विषय अमेरिकेचं सिनेट, म्हणजे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह.

"२०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्निया ३ कोटी ९५ लाख, वायोमिंग पावणेसहा लाख. सिनेटर मात्र दोघांचे दोन-दोन. अडुसष्ट पट फरक! याला लोकशाही म्हणायचं?" वर्षा म्हणाली.

"संघराज्य म्हणायचं," नितीन म्हणाला. "आधी राज्यं होती, मग देश झाला. १७८७ ला राज्यघटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या सभेत डेलावेअरच्या गनिंग बेडफर्डनं सरळ दम भरला होता, की मोठ्यांनी दगा दिला तर आम्ही परकी सत्ता जवळ करू. समान वाटा दिला नसता, तर ही माणसं हात हलवत घरी गेली असती."

मला हे अर्धंच पटतं. १६ जुलैला समान वाट्याचा तो ठराव पाच राज्यं विरुद्ध चार अशा मतांनी जेमतेम तरला, मॅसॅच्युसेट्सचं मत तर फुटून वायाच गेलं. घटनेच्या शिल्पकारांपैकी एक, जेम्स मॅडिसन, शेवटपर्यंत विरोधात होता. त्या घटनेची बाजू मांडणाऱ्या 'फेडरॅलिस्ट' लेखमालेच्या ६२व्या निबंधातही कबुली आहे, की हे तत्त्वातून आलेलं नाही, तडजोडीतून आलं. मग आज त्याला तत्त्वाचा मान का द्यायचा?

सुहासनं राज्यसभा काढली. उत्तर प्रदेश ३१, महाराष्ट्र १९, गोवा १. आपल्याकडे लोकसंख्या बघतात, संपला विषय.

"संपला कसा?" नितीन उसळला. "आंध्रच्या विधानसभेनं नको म्हटलं, तरी २०१४ ला संसदेनं तेलंगणा वेगळा केलाच ना? अमेरिकेत राज्याच्या संमतीशिवाय त्याचे तुकडे पाडता येत नाहीत. राज्याची किंमत म्हणतात ती ही."

यावर आम्ही गप्प झालो. मुद्दा खरा होता, आणि मला तो आधी सुचला नव्हता.

वर्षा मात्र थांबली नाही. "अमेरिकेच्या घटनेचं पाचवं कलम वाच. घटनादुरुस्तीला तिथे कुलपं घातलीत. गुलाम आणण्याच्या व्यापाराला हात लावायचा नाही, पण १८०८ पर्यंतच. आणि राज्याच्या संमतीशिवाय सिनेटमधला त्याचा समान वाटा काढायचा नाही. त्याला साल कुठलं घातलंय, सांग."

"घातलेलंच नाही," नितीन म्हणाला.