कोकण रेल्वे बांधणाऱ्याचं मत कुठवर मानायचं?

एप्रिल 2025 मध्ये रामेश्वरमला जोडणारा पांबनचा नवा रेल्वेपूल सुरू झाला आणि कोकण रेल्वे व दिल्ली मेट्रो उभारणारे अभियंते ई. श्रीधरन यांची जुनी कथा पुन्हा ग्रुपाग्रुपांवर फिरू लागली. डिसेंबर 1964 च्या वादळात जुना पूल मोडला होता. रेल्वेनं दुरुस्तीला सहा महिने धरले, वरिष्ठांनी ते तीनवर आणले, आणि 32 वर्षांच्या श्रीधरन यांनी समुद्रात वाहून गेलेले गर्डर हुडकून काढून 46 दिवसांत काम उरकलं. कथा खरी आहे. मात्र बडोद्याच्या मंडळींत तिला लगेच शेपूट जोडलं जातं, की असा माणूससुद्धा शेवटी भाजपमध्येच आला. लंडनच्या मराठी मंडळींत त्याच कथेवर सुस्कारा पडतो, की एवढं करून शेवटी नाव घालवलं. एकाच घरातली भावंडं, एक बडोद्यात, एक लंडनमध्ये, यावरून अबोला धरतात.

घडलं ते थोडक्यात असं. फेब्रुवारी 2021 मध्ये, 88 वर्षं पूर्ण झालेली असताना, श्रीधरन भाजपमध्ये गेले. एप्रिलमध्ये केरळमधल्या पालक्काडमधून विधानसभा लढले आणि काँग्रेसच्या शफी परंबिल यांच्याकडून 3,859 मतांनी हरले. प्रचाराच्या काळात त्यांनी मुलाखतींमधून केरळात लव्ह जिहाद आहे असं सांगितलं, मांसाहाराबद्दलची आपली नावडही बोलून दाखवली. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी सक्रिय राजकारण थांबवत असल्याचं जाहीर केलं. सगळा प्रकार दहा महिन्यांचा.

परदेशातल्या लोकांना यात जो धक्का बसला, तो बडोद्यात का बसला नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. दांडिया बाजार, रावपुरा, शियापुरा भागातल्या मराठी घरांना भाजप हे वळण वाटतच नाही. 2014 मध्ये नरेंद्र मोदी बडोद्यातून 5,70,128 मतांच्या आघाडीनं निवडून आले, त्यात ही घरं होतीच. शिवाय रेल्वे म्हणजे या शहराचा जिव्हाळ्याचा विषय. गायकवाडांची डभोई–मियागाम ही अरुंद रुळांची रेल्वे 1862 मध्ये बैलांनी ओढली जात होती. प्रतापविलास राजवाड्यात रेल्वे अधिकाऱ्यांची प्रशिक्षण संस्था 1952 पासून आहे. कोकणातून आलेल्या कुटुंबांसाठी तर हापा–मडगावसारखी गाडी म्हणजे गावच्या देवाला जाण्याची वाट. त्या वाटेचा बांधकर्ता आपल्या पक्षात आला याचा आनंद होणं स्वाभाविक आहे. त्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. त्यानं बोगदे नीट पाडले म्हणून त्याचं समाजाबद्दलचं मतही बरोबर, असं जे इथून पुढे म्हटलं जातं, त्याला.

बोगदे नीट कशामुळे पडले ते बघा. कोकण रेल्वे कॉर्पोरेशन जुलै 1990 मध्ये स्थापन झालं. भांडवलात रेल्वेचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचे प्रत्येकी 6. उरलेला पैसा मुख्यतः रोख्यांतून उभा केला. याचा व्यवहारातला अर्थ असा की निविदा मंजूर करायला, आराखडा बदलायला, ठेकेदाराचं बिल फेडायला प्रत्येक वेळी फाइल दिल्लीला रेल्वे बोर्डाकडे पाठवावी लागत नव्हती. निर्णय बेलापूरच्या कार्यालयात व्हायचा. सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग, 91 बोगदे, लहानमोठे मिळून जवळजवळ 2,000 पूल, रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल आणि 6.5 किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा, हे सगळं त्या स्वातंत्र्यावर उभं राहिलं.

एक गोष्ट मात्र भक्तमंडळी गाळतात. उद्दिष्ट पाच वर्षांचं होतं, लागली सातच्या वर. पूर्ण मार्ग जानेवारी 1998 मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातल्या काळ्या कातळात स्वीडनहून आणलेली यंत्रं झपाट्यानं चालली. कातळ स्वतःला तोलून धरतो, त्याला सुरुंग लावला की पोकळी टिकते. गोव्यात पेडण्याला पाण्यानं भिजलेली मऊ माती लागली, तिथे यंत्राचा उपयोग नव्हता. हातानं थोडं खणायचं, लगेच आधार द्यायचा, तेवढ्यात पाणी येऊन समोरची माती बसायची आणि केलेलं काम पुन्हा करावं लागायचं. त्यातच गोव्यात मार्ग किनाऱ्याजवळून न्यावा की आतून, यावर आंदोलन झालं आणि काम अडलं. म्हणजे श्रीधरन यांनाही जमीन आणि जनता दोन्हींनी थांबवलं. त्यांची थोरवी ही की थांबल्यावर त्यांनी कोणाला शिव्या दिल्या नाहीत, वेळापत्रक पुन्हा मांडलं.

दिल्ली मेट्रोतही हेच दिसतं. कंपनीत केंद्र आणि दिल्ली सरकार निम्मे निम्मे. कार्यालयात उलटे दिवस मोजणारी घड्याळं. त्यांना 1,435 मिलिमीटरचं स्टँडर्ड गेज हवं होतं, कारण जगभरचे डबे त्याच मापात मिळतात. रेल्वे मंत्रालयानं 1,676 मिलिमीटरचा ब्रॉडगेज लादला. त्यांनी तो मानला, काम थांबवलं नाही, आणि पुढच्या काही मार्गांवर स्टँडर्ड गेज मिळवलंही. 24 डिसेंबर 2002 ला पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा पंतप्रधान भाजपचे वाजपेयी होते, मुख्यमंत्री काँग्रेसच्या शीला दीक्षित. जुलै 2009 मध्ये जमरूदपूरला पिलर 67 ची टोपी तुटून माणसं मेली, तेव्हा श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही. दोन्ही पक्षांना ते हवे होते.

माझं म्हणणं इथेच आहे. त्यांची ताकद नुसत्या शिस्तीत नव्हती, शिस्तीचे अधिकारी भारतात कमी नाहीत. ती अशा जागेत होती जिथे परस्परांचे वैरी असलेले दोन पक्ष त्यांच्यामागे उभे राहू शकत. पक्षाचं उपरणं गळ्यात आलं आणि ती जागा गेली. पक्ष कोणता, हा त्यानंतरचा प्रश्न. ते काँग्रेसमध्ये किंवा डाव्यांकडे गेले असते तरी ती जागा अशीच गेली असती, आणि लंडनमध्ये आज सुस्कारे टाकणाऱ्यांपैकी अनेकांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या असत्या. तेही मला मान्य नाही.

पालक्काडचे आकडे यावर बोलके आहेत. 2016 मध्ये त्याच मतदारसंघात भाजप दुसऱ्या क्रमांकावर होता, पण 17,483 मतांनी मागे. श्रीधरन यांनी ते अंतर 3,859 वर आणलं. म्हणजे नावानं मतं हलतात, चांगलीच हलतात. पण राज्यभरात पक्षाची होती ती एकुलती एक नेममची जागाही त्या निवडणुकीत गेली. मार्चमध्ये प्रदेशाध्यक्षांनी श्रीधरन यांना मुख्यमंत्रिपदाचे उमेदवार म्हणून सांगितलं आणि त्यावर लगेच सारवासारव झाली. ज्या माणसानं निविदेतलं एक कलम परस्पर बदलू दिलं नसतं, त्याच्या नावाचं हे असं झालं. पक्षात उमेदवाराच्या हाती काही नसतं. वेळापत्रक, पैसा, भाषणाचा विषय, शेजारी कोण बसणार, सगळं दुसरे ठरवतात. बेलापूरला जे अधिकार होते त्यांतला एकही तिथे नव्हता. त्याच सुमारास कोचीमधला पालारिवट्टमचा सदोष उड्डाणपूल पाडून पुन्हा बांधण्याचं काम त्यांच्याच देखरेखीखाली पुरं होत होतं. ते काम केरळच्या डाव्या सरकारनं सोपवलं होतं. पूल 7 मार्च 2021 ला खुला झाला. पूल झाला, आमदारकी झाली नाही, आणि दोन्ही त्याच माणसानं, त्याच महिन्यांत हाती घेतली होती.

मग त्यांचं ऐकायचं कशात? मला सोपा मार्ग दिसतो. म्हणणं चुकलं तर ते मोजता येईल का, हे विचारायचं. केरळच्या सिल्व्हरलाइन या वेगवान रेल्वेच्या प्रकल्पाला त्यांनी विरोध केला. आखणी, भराव, पाण्याचा निचरा, खर्च यांबद्दल ते बोलतात तेव्हा खुर्ची ओढून बसावं, कारण ते चूक असतील तर दुसरा अभियंता आकड्यांनी दाखवू शकतो. जून 2019 मध्ये दिल्लीत महिलांना मेट्रो मोफत करण्याला त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून विरोध केला. इथे अर्धं ऐकावं. तिकिटाचं उत्पन्न घटल्यावर कर्जफेड आणि देखभाल कशी ताणली जाते हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? पण तो भार करदात्यानं उचलावा की प्रवाशानं, हे मतदार ठरवतो, त्याला पदवी लागत नाही. लव्ह जिहादबद्दलचं विधान या मोजपट्टीवर टिकत नाही. तिथे ते पालक्काडचे एक मतदार आहेत, कोणाही मतदाराइतकेच. आणि अशा विधानानं ज्या मुलामुलींच्या लग्नावर संशय येतो त्यांना, हे बोलणारा मोठा अभियंता आहे, याचा काहीएक दिलासा नसतो. हे मी स्पष्टच लिहितो, बडोद्यात काही जणांना राग आला तरी.

अमेरिकेत बेन कार्सन यांच्या बाबतीत हेच झालं. 1987 मध्ये डोकं जुळलेली जुळी बाळं वेगळी करणाऱ्या चमूचं नेतृत्व केलेले बालमेंदूशल्यविशारद, 2015 मध्ये रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीत उतरले, 2017 मध्ये गृहनिर्माण खात्याचे मंत्री झाले. शस्त्रक्रियेतलं कौशल्य घरभाड्याच्या धोरणात उपयोगी पडेल असं मानायला कारण नव्हतं, तरी लाखोंनी मानलं.

ब्रिटनमध्ये सगळं नीट आहे असा समज घरी पुष्कळ असतो, तो खरा नाही. सेवेत असताना वरिष्ठ अधिकाऱ्याला पक्षकार्य बंद, निवृत्तीनंतर मोकळीक. भारतातही 1964 च्या वर्तणूक नियमांतल्या पाचव्या नियमानं हेच आहे. फरक दुसरीकडे आहे. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर स्टेशन खोल खणताना बिग बेनचा मनोरा झुकू नये म्हणून जमिनीत नळ्या घालून, मोजून मोजून सिमेंटचं मिश्रण दाबलं गेलं. लंडनच्या बोगद्यांच्या कामात हे तंत्र रुजवण्यात ज्यांचा मोठा हात होता ते रॉबर्ट मेअर 2015 पासून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये क्रॉसबेंचवर आहेत. तिथे पक्ष नाही, पक्षादेश नाही. पायाभूत सुविधांच्या कायद्यावर ते बोलतात आणि कोणत्याही बाजूला मत देतात.

आपल्याकडे याची सोय नाही असं नाही. घटनेच्या कलम 80 नुसार राष्ट्रपती राज्यसभेवर साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा यांतले 12 सदस्य नेमतात. पण पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टानं अशा सदस्याला सहा महिन्यांच्या आत पक्षात जायची मुभा दिली आहे. ही सहा महिन्यांची खिडकी बंद केली तर श्रीधरन यांच्यासारख्या माणसाला उपरणं न घालता संसदेत बसता येईल. बडोद्यातल्या मराठी मंडळींनी आपल्या खासदाराकडे मागायची गोष्ट ही आहे.

बडोद्याला हे नवं नाही, आपण विसरलो. रोमेशचंद्र दत्त 1899 मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यानंतर सयाजीरावांनी त्यांना 1904 मध्ये महसुलाच्या कामाला आणलं, पुढे दिवाण केलं, ते महसूल कळत होता म्हणून. अरविंद घोष 1893 पासून बडोद्यात नोकरीत होते. त्या काळात मुंबईच्या 'इंदुप्रकाश' या वृत्तपत्रात राजकीय लेख लिहिले ते नाव न घालता. उघड राजकारण करायचं ठरलं तेव्हा 1906 मध्ये बडोदा सोडलं. महाराजांच्या या शहरात काम एकीकडे आणि मत दुसरीकडे ठेवण्याची रीत होती.

आज त्याच शहरात जुन्या स्टेशनाला लागून मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचं स्थानक उभं राहतंय. 508 किलोमीटरचा मार्ग, सप्टेंबर 2017 ला पायाभरणी. 2018 मध्ये, पक्षात जाण्याआधी, श्रीधरन यांनी या गाडीबद्दल उघड सांगितलं होतं, की ती वरच्या वर्गासाठी आहे, फार महाग आहे, देशाला त्याआधी सुरक्षित, स्वच्छ, वेगवान साधी रेल्वे हवी. हे त्यांचं धंद्यातलं मत, मोजता येईल असं. पांबनच्या कथेबरोबर ते बडोद्याच्या ग्रुपवर कोणी पाठवत नाही.

आणि पाठवलं तरी ते शेवटचा शब्द म्हणून नको, चौकशीची सुरुवात म्हणून हवं. लंडनची एलिझाबेथ लाइन ही नवी रेल्वे डिसेंबर 2018 ला उघडणार असं नामांकित तज्ज्ञ सांगत राहिले. ती तेव्हा उघडणार नाही हे ऑगस्टच्या अखेरीस, चार महिने उरले असताना, जाहीर झालं. तीन वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणांवर धावायला लागणारं गाडीतलं सॉफ्टवेअर आणि स्टेशनांची आतली कामं अडली होती. लाइन 24 मे 2022 ला उघडली. बोगदे वेळेत पुरे झाले होते, म्हणून सगळे निर्धास्त होते. तेव्हा बडोद्याच्या स्थानकाची तारीख कोणीही सांगो, त्यांना विचारा: खांब किती झाले हे कळलं, सिग्नलची निविदा कधी निघाली, गाड्या कोणत्या मापाच्या आणि कुठून येणार, चाचणीला किती महिने ठेवलेत, आणि बडोदा ते मुंबई तिकीट किती?