१४ फुटी होडीला पुढे मोटर कशाला? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे आणि तिला दोन ओळींत उत्तर देणं बरोबर वाटत नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. तुमचे आक्षेप असे: १४ फुटी ॲल्युमिनियमच्या होडीला पुढच्या टोकावर बसणारी इलेक्ट्रिक मोटर म्हणजे पैशाची उधळपट्टी, मागच्या फळीला, म्हणजे ट्रान्समला, अडकवायची ३० पौंड थ्रस्टची, म्हणजे तेवढ्या जोराने होडी ढकलणारी, मोटर एक-तृतीयांश किमतीत तेच काम करते, मी आधी सुचवलेला ५५ पौंड थ्रस्ट होडीच्या वजनाच्या हिशेबाने दुपटीहून जास्त आहे, आणि चांगल्या होडीला भोकं पाडायचा सल्ला देऊ नये. शेवटी मी सुचवलेल्या ६ गेजच्या जाड वायरला (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) तुम्ही 'दुकानदारी' म्हटलं आहे.

आधी वजनाचं बघू. दर १०० पौंडाला २ पौंड थ्रस्ट हा ठोकताळा तुम्ही बरोबर लावलात. होडी, मागचं पेट्रोलचं इंजिन, बॅटरी, दोन माणसं आणि सामान धरून माझीही बेरीज ९०० पौंडांच्या आसपासच जाते, म्हणजे १८ पौंडांत भागायला हवं. पण हा ठोकताळा संथ पाण्यात होडी हलवण्याचा आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात आपण मासे पकडतो ते वाऱ्यात. वॉलआय या इथल्या गोड्या पाण्यातल्या माशाला लाटांनी ढवळलेलं गढूळ पाणी आवडतं, त्यामुळे ज्या काठावर वारा आदळतो तिथेच जावं लागतं. मिल लॅक्ससारखा तलाव घ्या. २०० चौरस मैलांहून मोठा आणि सगळ्यात खोल जागा जेमतेम ४० फुटांवर. एवढ्या उथळ, मोकळ्या पाण्यावर लाटा उंच होतातच, शिवाय एकामागोमाग एक जवळजवळ येतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की होडीवरचा दाब चौपट होतो. आणि आपली होडी कशी, तर पाण्याखाली वीतभर आणि पाण्यावर दोन फूट. मोठ्या जड होडीला वाऱ्यात धरून ठेवणारं पाण्याखालचं अंग आपल्या होडीला नाहीच. म्हणून छोटी होडी म्हणजे छोटी मोटर हा हिशेब मला पटत नाही. हलक्या होडीला वारा जास्त छळतो.

५५ पौंड सांगितले त्याचं आणखी एक कारण आहे. १२ व्होल्टवर, म्हणजे एकाच बॅटरीवर, साधारण तिथपर्यंतच जाता येतं. त्यापुढे २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या, आणि तेवढं ओझं या होडीत मीही घालणार नाही. वेग हवा तसा कमी-जास्त करता येणारी डिजिटल मोटर निम्म्यावर चालवली तर वीज निम्म्याहूनही कमी खाते. मोठी मोटर घेतली म्हणून बॅटरी लवकर संपते असं नाही. संपते ती पूर्ण वेगाने पळवली तर, आणि त्या कामासाठी मागचं इंजिन आहेच.

आता मुख्य मुद्दा, पुढे की मागे. हातगाडी ओढताना ती आपसूक मागे येते, ढकलताना मात्र सारखी वळवत बसावी लागते. होडीचंही तसंच. मागून ढकललेल्या होडीचं तोंड वाऱ्याच्या पहिल्या झोताला फिरतं. ते सरळ करेपर्यंत दुसरा झोत येतो. पुढून ओढली की तोंड मोटरच्या ताब्यात राहतं आणि मागचा भाग गुमान तिच्या मागून येतो.

याचा मासेमारीशी संबंध काय ते जवळून सांगतो. समजा आठ फूट पाण्यात खडकाच्या कडेवर जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, टाकलंय. ते तळाला टेकलं की दोरी किंचित सैल पडते, मासा उचलतो तेव्हा जरा जड लागते, बस्स. एवढीच खूण. होडीचं तोंड चार-पाच फूट फिरलं तरी दोरीला बाक येतो, तळ हाताला लागेनासा होतो आणि मासा येऊन गेलेलाही कळत नाही. ट्रान्समवरच्या मोटरला माणूस अंग पिळून मागे वळलेला, एक हात दांड्यावर. शिवाय त्याच फळीवर पेट्रोलचं इंजिन, वळवताना दोघांची टक्कर. पुढच्या मोटरला पायाखाली पेडल असतं, दोन्ही हात गळाला मोकळे. जीपीएसवर एका जागी थांबून राहणारी मोटर असेल तर नांगराची दोरी ओढायचंही काम उरत नाही. हे सुख महाग आहे, ते मान्य. आडोशाच्या छोट्या तळ्यात, वल्ह्यांनीही भागेल अशा ठिकाणी जाणाऱ्यांनी तुमचंच ऐकावं आणि पैसे वाचवावेत.

भोकांबद्दलची तुमची भीती मी समजू शकतो, पण ही भोकं पाण्याच्या बरीच वर, पुढच्या डेकवर पडतात. खरा धोका पत्र्याचा आहे. तो दीड-दोन मिलिमीटरचा, आणि लाटेत मोटरचा लांब शाफ्ट, म्हणजे पाण्यात जाणारा उभा दांडा, त्याला सतत पिरगाळत असतो. नुसत्या स्क्रूंनी बसवलं तर पत्रा थकतो, भोकं लांबट होतात आणि शेवटी तडा जातो. म्हणून आरपार जाणारे स्टेनलेस बोल्ट, खालून रुंद वॉशर, नायलॉनच्या कड्याचे नट आणि पत्र्याखाली पाऊण इंची मरीन प्लायचा किंवा जाड ॲल्युमिनियमचा आधार. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो: घराच्या डेकसाठी मिळतं ते रसायन मुरवलेलं हिरवट लाकूड इथे वापरू नका. त्यात तांबं असतं आणि ओलाव्यात ते ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. वरून काही दिसत नाही, प्लाय काढल्यावर पांढरी भुकटी आणि खड्डे दिसतात. ब्रॅकेट चटकन निघणारी घ्या, म्हणजे मोटर घरी नेता येते आणि ट्रेलरवर धक्के खात नाही. बसवताना ती मध्यरेषेच्या शक्य तितकी जवळ हवी आणि खाली सोडताना कडेला घासता कामा नये.

वायरचं तर साधं गणित आहे. पुढे वजन नको म्हणून बॅटरी मागे ठेवली की वायर १२ फूट जाणार आणि १२ फूट येणार. ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या घरात ओढते. १० गेजच्या वायरमध्ये एवढ्या अंतरात सुमारे १.२ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे दहा टक्के, आणि ते ६० वॉट वायर तापवण्यात. ६ गेजमध्ये अर्ध्या व्होल्टच्या आत भागतं. तुमच्या ट्रान्समच्या मोटरला कारखान्यातूनच १० गेजची वायर आली असेल, तिथे ती चालते, कारण बॅटरी हाताच्या अंतरावर असते. ६० अँपिअरचा ब्रेकर मात्र बॅटरीच्या अगदी जवळच हवा. मोटरपाशी बसवला तर मधली सगळी वायर संरक्षणाविना राहते. फिशफाइंडरची, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची, वायरही या वायरपासून लांबून न्या, नाहीतर पडद्यावर माशांऐवजी रेघा दिसतील.

(रेवदंडा-अलिबागकडून जिताड्यासाठी खाडीत जाणारे वाचकही इथे असतात. हे सगळं गोड्या पाण्याचं आहे. खाऱ्या पाण्यासाठी बनवलेली, जस्ताचा ॲनोड (मोटरच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) असलेली मोटरच घ्या.)

शाफ्टच्या लांबीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि पैसे वाया जातात ते बहुतेक तिथेच. शाफ्ट आखूड पडला की लाटेवर तोंड उचललं जातं, पंखा हवा गिळतो, मोटर नुसती गरगरते आणि होडी वाऱ्यावर जाते. डेकपासून पाण्यापर्यंतची उंची २२ ते २८ इंच असेल तर ५४ इंची शाफ्ट लागतो, १६ ते २२ असेल तर ४८ इंची, आणि लाटांचं पाणी असेल तर उंचीत पाच इंच आधीच मिळवायचे. हे माप ट्रेलरवर घेऊन चालत नाही. होडी पाण्यात सोडा, इंजिन, बॅटरी, पेट्रोल जागच्या जागी ठेवा, तुमच्या जोडीदाराला मागच्या बाकावर बसवा म्हणजे तोंड जितकं वर येतं तितकं येईल, आणि मोटर जिथे बसणार तिथून पाण्यापर्यंत टेप सोडा. तो आकडा इथे लिहा. मग तुमच्या होडीला कुठला शाफ्ट लागेल ते नेमकं सांगता येईल, आणि पुढची मोटर नकोच असं तरीही वाटलं तर ट्रान्समच्या मोटरचा शाफ्टही आपण त्याच पद्धतीने मापून ठरवू.