बाटलीचा कपडा होतो, कपड्याचा पुन्हा कपडा होत नाही

‘प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलेले कपडे घ्या. त्यामुळे कच्चे तेल वाचते, समुद्रात जाणारा कचरा थांबतो, तेच प्लास्टिक चक्रासारखे वापरात राहते आणि असे कपडे जितके जास्त खपतील तितके नवे पॉलिएस्टर कमी बनेल’, अशा आशयाचा मजकूर अनेक वर्षांपासून फिरतो आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याविषयी मला शंका नाही. पण त्यातली चार विधाने एकाच दमात वाचली जातात आणि पहिल्यातल्या खरेपणावर उरलेली तीन तरून जातात, म्हणून ती एकेक करून तपासली पाहिजेत.

कच्च्या तेलाविषयीचे विधान बऱ्याच अंशी खरे आहे. नवे पॉलिएस्टर खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून घडवावे लागते. पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक, म्हणजे पेट (PET), हेही मुळात पॉलिएस्टरच असते. त्यामुळे बाटल्यांचे तुकडे वितळवून धागा काढला, तर हा टप्पा टळतो, ऊर्जा कमी लागते आणि कार्बन उत्सर्जनही घटते. मात्र ही तुलना नव्या पॉलिएस्टरशी आहे, कपडाच न घेण्याशी किंवा हातातला कपडा आणखी काही वर्षे वापरण्याशी नाही.

समुद्राविषयीचे विधान इतके सरळ नाही. धाग्यासाठी स्वच्छ, वर्गवारी केलेल्या आणि शक्यतो रंगहीन बाटल्या लागतात, आणि त्या प्रामुख्याने कचरा गोळा करणाऱ्या व्यवस्थेतून येतात. ऊन आणि खारे पाणी यांनी खराब झालेले प्लास्टिक या कामाला फारसे उपयोगी पडत नाही. म्हणजे कपड्याच्या कारखान्यात पोहोचलेल्या बाटलीपुढे बहुधा समुद्र हा पर्याय नव्हताच, तर पुन्हा बाटली होण्याचा पर्याय होता. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशानुसार पेयांच्या पेट बाटल्यांमध्ये २०२५ पासून किमान २५ टक्के पुनर्चक्रित (रिसायकल केलेले) प्लास्टिक बंधनकारक केले असून २०३० पासून सर्वच प्लास्टिक पेयबाटल्यांसाठी हे प्रमाण ३० टक्के होणार आहे. ज्या कच्च्या मालाला बाटली-उद्योगात मागणी आहे, तोच वस्त्रोद्योग उचलतो आहे.

खरी गफलत आहे ती ‘चक्र’ या शब्दात, आणि ती समजण्यासाठी कारखान्यात काय घडते ते पाहावे लागते. बाटलीची टोपणे आणि लेबले वेगळी काढून ती धुतात, तिचे बारीक तुकडे करतात, ते नीट वाळवतात आणि सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या वर वितळवून सूक्ष्म छिद्रांतून धाग्याच्या रूपात बाहेर ओढतात. वाळवणे महत्त्वाचे, कारण ओलावा राहिला तर त्या तापमानाला पॉलिएस्टरच्या लांब रेणुसाखळ्या तुटतात. बाटलीला या साखळ्या लांब लागतात, कपड्याच्या धाग्याला त्याहून आखूड चालतात. त्यामुळे बाटलीचा धागा करणे तुलनेने सोपे जाते. उलट दिशेचा प्रवास तसा नाही. कपड्यात रंग असतो, वर लावलेली रसायने असतात, बटणे, चेन आणि शिवणीचा दोरा असतो, आणि बहुतेक वेळा पॉलिएस्टरबरोबर कापूस किंवा ताणला जाणारा इलॅस्टेन धागाही विणलेला असतो. असे मिश्रण नुसते वितळवून त्यातून पुन्हा चांगला धागा निघत नाही. रासायनिक पद्धतीने पॉलिएस्टर वेगळे करून मूळ घटकांपर्यंत नेता येते, पण जगाच्या उत्पादनात त्या मार्गाचा वाटा अजून नगण्य आहे. टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेच्या अहवालांनुसार पुनर्चक्रित पॉलिएस्टरचा सुमारे ९८ टक्के भाग बाटल्यांपासून येतो, तर जगातील एकूण तंतूंपैकी जुन्या कापडापासून आणि चिंध्यांपासून बनलेल्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. पुन्हा बाटली होऊ शकले असते असे प्लास्टिक एकदा कपडा झाले, की त्याची पुढची वाट जवळजवळ नेहमी कचराडेपोकडे किंवा भट्टीकडे जाते. याला चक्र म्हणणे मला मान्य नाही. ही एक टप्पा वाढवलेली सरळ रेषा आहे.

धुण्याविषयी तर हा मजकूर पूर्ण मौन पाळतो. पॉलिएस्टर नवे असो वा बाटलीचे, धुताना त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात. प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दिलेल्या अंदाजानुसार पॉलिएस्टरच्या सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून सुमारे ४ लाख ९६ हजार तंतू बाहेर पडतात. समुद्रात थेट सूक्ष्म कणांच्या रूपात पोहोचणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ३५ टक्के भाग कृत्रिम कापडांच्या धुण्यातून येतो, असा अंदाज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ मध्ये मांडला होता. समुद्र वाचवण्याच्या नावाखाली विकला जाणारा कपडाच समुद्रात प्लास्टिक सोडत असेल, तर ही गोष्ट ग्राहकाला विक्रीच्या वेळीच सांगायला हवी. बाटली पाण्यात गेली तर निदान ती दिसते आणि उचलता येते. तंतू उचलता येत नाही.

राहिले जास्त खपाचे विधान. टेक्स्टाइल एक्स्चेंजच्याच आकडेवारीनुसार जगातील तंतूंचे उत्पादन २०२२ मधील ११ कोटी ६० लाख टनांवरून २०२३ मध्ये १२ कोटी ४० लाख टनांवर गेले, आणि त्यात निम्म्याहून अधिक, ५७ टक्के, पॉलिएस्टर होते. त्याच वर्षात पुनर्चक्रित पॉलिएस्टरचे उत्पादन टनांमध्ये किंचित वाढूनही एकूण पॉलिएस्टरमधील त्याचा वाटा १३.६ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर घसरला, कारण नवे पॉलिएस्टर त्याहून वेगाने वाढले. बाटल्यांचा धागा नव्या पॉलिएस्टरची जागा घेत असता, तर त्याचा वाटा वाढायला हवा होता. आजवर तो नव्या धाग्याच्या जागी नव्हे, तर त्याच्या सोबतीने बाजारात भर घालतो आहे, आणि ‘पुनर्चक्रित’ हा शब्द लेबलवर वाचून एरवी न घेतलेला कपडा कोणी विकत घेत असेल, तर ती भर आणखी वाढते.