गोऱ्याचं गाणं म्हणजे कला, ब्लॅक पोराचं म्हणजे कबुलीजबाब?

वैताग आलाय राव. इथे अमेरिकेत रॅपरची बातमी लागली की ठरलेला मसाला, पोलिसांच्या गाडीचे लाल-निळे दिवे, जुन्या व्हिडिओतला बंदुकीचा एखादा शॉट, आणि स्टुडिओत चार सूटवाले बसून ठरवणार की ह्या पोरांना त्यांच्या गाण्यांनीच बिघडवलं. अरे एक तरी गाणं पूर्ण ऐकलंय का कधी?

२०१५ चं घ्या. बीईटी अवॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्लॅक कलाकारांच्या पुरस्कार सोहळ्यात, रॅपर केंड्रिक लमार पोलिसांच्या गाडीवर उभा राहून गायला, मागे भलामोठा अमेरिकेचा झेंडा. गाण्यात काय, तर पोलिसांवरचा राग आणि तरी आपण निभावून नेऊ एवढंच. त्याच उन्हाळ्यात क्लीव्हलंडला निदर्शनं करणारे लोक तेच गात होते. आणि फॉक्स न्यूज चॅनलवर टीव्हीवाला हेराल्डो रिव्हेरा म्हणतो की गेल्या काही वर्षांत ब्लॅक तरुणांचं रेसिझमपेक्षा हिपहॉपनेच जास्त नुकसान केलंय! म्हणजे ब्लॅक पोरांना गोळी घालणारे पोलिस राहिले बाजूला आणि त्यावर गाणारा गुन्हेगार, चोर सोडून संन्याशाला फाशी.

बरं, हिंसेचाच एवढा तिटकारा असेल तर गोऱ्या कंट्री गायक जॉनी कॅशचं काय? त्याच्या गाण्यातला माणूस तर नुसतं मरताना बघायचं म्हणून एकाला गोळी घालतो. त्याचा सप्टेंबर २०२४ मध्ये थेट कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पुतळा बसला, कोणी विचारलं नाही की बाबा तू खरंच कोणाला मारलंस का. आणि तेव्हाच अटलांटात यंग थग हा ब्लॅक रॅपर दोन वर्षांहून जास्त काळ जेलमध्ये, जामीन नाही, आणि त्याच्या गाण्याच्या ओळी कोर्टात पुरावा म्हणून वाचल्या जातायत. त्याने पुढे काही आरोप कबूल केले, ते केलेच, मला त्याची वकिली करायची नाहीये. पण यमक जुळवलेली ओळ हा पुरावा कसा काय होतो, हे किती चॅनलवाल्यांनी धड विचारलं?

आणि हे मी रागात बोलतोय असं समजू नका (रागात आहेच म्हणा), १९९६ मध्ये कॅरी फ्राइड नावाच्या संशोधक बाईंनी जुन्या फोक गाण्याचे शब्द लोकांना वाचायला दिले, काहींना सांगितलं हे रॅप आहे, काहींना सांगितलं कंट्री, म्हणजे गोऱ्यांचं गावाकडचं गाणं, आहे. शब्द तेच, पण रॅप म्हटलं की लोकांना तेच जास्त धोकादायक वाटले!

रॅपमध्ये बायकांबद्दल घाण नाही का, आहे की, भरपूर आहे, मलाही किळस येते. मग नाव घेऊन त्या गाण्याला झोडा ना, अख्ख्या समाजाचं चारित्र्य कशाला काढता?

केंड्रिकने रिव्हेराचा तोच आवाज उचलून २०१७ च्या अल्बममध्ये टाकला आणि २०१८ ला त्याच अल्बमला संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, क्लासिकल आणि जॅझच्या बाहेर पहिल्यांदाच. हे मी आमच्या मंडळातल्या एका काकांना सांगितलं, ज्यांच्या घरी दिवसभर न्यूज चॅनल कोकलत असतं, तर म्हणे "अरे पण ते सगळे गँगवालेच ना?" अहो काका, मुलीच्या संगीतला डीजेने ड्रेकचं रॅप लावलं तेव्हा फ्लोअरवर सगळ्यात पुढे कोण होतं? तेव्हा नाही आठवली ती गँग!