टायरांचं गुणमेलन

काल २४९ रुपयांच्या कामाचे मी २५०४ रुपये मोजले आणि वर चार लोकांसमोर माझ्या गाडीच्या पुढच्या टायरांचे गुण जुळत नाहीत, हे ऐकून घेतलं. पैशांचं एक वेळ मी विसरेन.

काम साधं होतं. गाडी डावीकडे ओढत होती. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा सैल सोडलं की ती आपली वडापावच्या गाडीच्या दिशेने निघायची. बायकोचं म्हणणं पडलं की हा गाडीचा दोष नाही, इतक्या वर्षांची सवय आहे. ते असो. व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करायला झालं होतं, आणि ते स्वस्तात आणि न फसवता करून देणारा माणूस हवा होता.

पुण्यात असा माणूस प्रत्येकाकडे असतो. मेव्हण्याचा चिंचवडला होता. "नुसतं माझं नाव सांग!" आता सिंहगड रोडवरून निघून, नवले पूल, वारजे, बावधन करत चिंचवड गाठायचं, अलाइनमेंट करायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, तर केलेलं काम वारज्यापर्यंतसुद्धा टिकणार नाही. ऑफिसातल्या एकाचा माणूस नाना पेठेत होता. तिथे सगळं स्वस्तात होतं, फक्त नंबर लागेपर्यंत गाडी उभी कुठे करायची हे त्याचं त्यालाही माहीत नाही. शेजारच्यांनी ज्याचा नंबर दिला त्याने फोन उचलला, ओळख दिली, चौकशी केली, आणि मग म्हणाला, "आता मी जमिनीचं बघतो." सासवडकडे एक प्लॉट आहे, रविवारी येऊन बघून जा, म्हणाला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं निराळंच. तिथे गाडी सोडून आलं की भर मीटिंगमध्ये एका मुलीचा फोन येतो, "सर, स्टिअरिंग रॅक बदलावा लागेल, अप्रूव्ह करता का?" समोर साहेब बसलेला असताना माणूस रॅकच काय, अख्खं इंजिन अप्रूव्ह करेल.

बरं, हे अलाइनमेंट बिघडतं कशाने? आम्ही काही गाडी घेऊन डोंगर चढत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने गाडी त्यावरून अलगद जाते. आमच्या सोसायटीबाहेरचा एका रात्रीत उगवला. रुंदीला जेमतेम वीटभर, उंची विचारू नका, पांढरे पट्टे नाहीत, फलक नाही. त्याच्यापुढे दहा पावलांवर ड्रेनेजचं चेंबर. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि झाकण निष्ठेने आपल्या मूळ पातळीवर राहतं. रोड टॅक्स गाडी घेतानाच एकरकमी वसूल झालेला असतो. त्या टॅक्सच्या रस्त्याने आपला चाकं वळवणारा टाय रॉड वाकवायचा आणि तो सरळ करायचे पैसे पुन्हा आपणच द्यायचे. इथे मला खरं तर विनोद सुचत नाही.

तर बायपासच्या सर्व्हिस रोडला एक गॅरेज दिसलं. पाटीवर 'थ्रीडी व्हील अलाइनमेंट फक्त २४९'. मी आत वळलो.

गाडी रॅम्पवर चढली. चारही चाकांना त्या थ्रीडीच्या पाट्या लागल्या, गाडी जरा मागे-पुढे ढकलून झाली, समोरच्या स्क्रीनवर आकडे आले. निम्मे लाल, निम्मे हिरवे. शेजारी बाकावर एक गृहस्थ लोकसत्ता वाचत बसले होते. पंच्याहत्तरीचे असतील. पायजमा, वर स्वेटर, खिशाला दोन पेनं. मला वाटलं, त्यांची गाडी कामाला लागली असेल. त्यांना गाडीच नाही, हे मागाहून कळलं. ते तिथे पेपर वाचायला येतात. गॅरेजातली पोरं त्यांना आप्पा म्हणतात.

"टायर कधीचे?" आप्पांनी पेपर न हलवता विचारलं.

मी म्हटलं, असतील चार-पाच वर्षांचे.

"असतील?" पेपर खाली आला. "टायरवर लिहिलेलं असतं. बघितलंत का कधी?"

मग ते उठले, गुडघ्यावर हात टेकत डाव्या चाकाशी वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि रबरावरची अक्षरं अंगठ्याने पुसत पुसत एका लंबगोल चौकटीपाशी थांबले. चार आकडे होते. "२३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जूनचा पहिला-दुसरा आठवडा. ज्येष्ठ शुद्ध." हे अगदी खरं आहे. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, हे मी रात्री घरी ताडून पाहिलं. ज्येष्ठाचंही पाहिलं. तेही बरोबर निघालं, आणि मला त्याचा फार राग आला.

आप्पा उजव्या चाकाकडे गेले. "४१२१. एकेचाळिसावा आठवडा, सन २०२१. अरे वा! दसऱ्याचा टायर आहे हा." मग माझ्याकडे वळून, "हा नंतर आला?"

"आधीचा कात्रजला खड्ड्यात फुटला," मी म्हटलं.

"म्हणजे डावा बिजवर."

एव्हाना बाकावरचे बाकीचे लोक सरसावून बसले होते. आप्पांनी दोन बोटं खाचेत घालून खोली पाहिली, दोन्ही टायर हाताने चोळले, डाव्यात रुतलेला एक बारीकसा खिळा नखाने टोकरला आणि "याला मंगळ आहे" असं जाहीर केलं. वयातलं अंतर दोन वर्षं चार महिने, ते चालून जातं म्हणाले. पण स्वभाव निराळे. एक झिजून मऊ पडलेला, दुसऱ्याचा माज अजून उतरलेला नाही. कंपन्याही वेगळ्या. "छत्तीसपैकी अठरा तरी लागतात. यांचे बाराच्या वर जात नाहीत. कसा चालणार संसार? एक ओढतो, दुसरा फरफटतो."

"मग काय करायचं?" हे मी विचारलं नाही. शेजारी स्कूटरच्या पंक्चरसाठी थांबलेल्या एका बाईंनी विचारलं.

"मागची जोडी बघू," म्हणून आप्पा मागे गेले. मागचे दोन्ही एकाच आठवड्याचे निघाले. त्यांचा चेहरा उजळला. "माणसांत सगोत्र चालत नाही, टायरांत सगोत्रच लागतं. मागची जोडी पुढे आणा. पुढचे दोघं मागे घाला, भांडेनात का तिथे. आणि मग बघा गाडी ओढते का." त्या बाईंनी लगेच आपल्या स्कूटरचंही बघता का म्हणून विचारलं. एक रिक्षावाले थांबले होते, त्यांनी तीन चाकांची पत्रिका कशी जुळवतात अशी शंका काढली. आप्पांनी ती गंभीरपणे घेतली. पुढचं एक चाक ब्रह्मचारी धरायचं असतं.

यात आकडे बघणारा पोरगा अस्वस्थ झाला. "आप्पा, तुम्ही पेपर वाचा," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "काका, इकडे या. आतून हात घाला टायरला." घातला. आतली कड झिजून गुळगुळीत झाली होती आणि एका दिशेने हात फिरवला की बोटांना धार लागत होती. "आतून खाल्लाय. टो आऊट झालाय, तो बसेल २४९ मध्ये. पण कॅम्बर दोन्हीकडे मायनसमध्ये गेलाय. तो नाही केला तर परत खाणार."

मायनस म्हटलं की मी घाबरतो, ती सवय बँकेने लावलेली आहे. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं आत वळलीत की बाहेर, आणि कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक कुठे कललंय; वरून आत कललं की मायनस. पुष्कळ गाड्यांना कॅम्बर जरासा मायनसमध्ये कंपनीच देते, हेही रात्रीच वाचलं. सगळं ज्ञान रात्री येतं. त्या वेळी मी फक्त स्क्रीनकडे बघत होतो, आणि वर गाडीचं जे नाव होतं ते माझ्या गाडीचं नव्हतं.

"ही गाडी माझी नाही," मी म्हटलं.

"तुमचं मॉडेल यादीत येत नाही. ही जवळची आहे."

म्हणजे लाल कशाला म्हणायचं आणि हिरवं कशाला, हे भलत्याच गाडीच्या मापाने ठरत होतं. मी तसं म्हणालो. पोरगा म्हणाला, "काका, चाक ते चाकच." मागे बाकावर कोणीतरी हसलं.

"आणि कॅम्बर फिरवतात कुठे?" मी विचारलं.

"यात कंपनीने स्क्रूच दिलेला नसतो," तो अभिमानाने म्हणाला. "म्हणून तर जॅक लावावा लागतो. चाकाचे सातशे." छोट्या हॅचबॅकमध्ये बहुतेक वेळा पुढचा टोच तेवढा फिरवता येतो, बाकीचं कारखान्यातून येईल तसं. जे फिरवायची सोयच नाही ते वाकवायचे चौदाशे. एक लोखंडी शिकंजा शॉकअपला अडकवला, पोरगा दांडा मारत गेला, आत कुठेतरी 'टण्ण' झालं आणि स्क्रीनवरचा लाल आकडा हिरवा झाला. गाडीच्या कुठल्या हाडाचं ते 'टण्ण' होतं, हे सांगायला कोणी नव्हतं.

मग चाकांचा तोल साधायचं बॅलन्सिंग. चारशे. वर शिशाची वजनं ८५ ग्रॅम, ३ रुपये ग्रॅमने २५५. आधीची वजनं त्याने माझ्यासमोर उचकटून एका डब्यात टाकली. त्यांचा भाव कोणी काढला नाही. आणि नायट्रोजन, दोनशे. तो मला न विचारता भरून झाला होता. आपण जी हवा घेतो तिच्यात ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे शाळेत शिकलो ते असं उपयोगी पडेल असं वाटलं होतं. पोरगा म्हणाला, "उरलेल्या बावीस टक्क्यांचे घेतो काका." याला उत्तर नाही. पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा. मी कच्चं घेतलं. त्यावरही त्या जवळच्या गाडीचंच नाव होतं.

मला कळत नाही, माणसाने पडताळायचं कशावर? भाजी सडकी निघाली तर दिसते. इथे अर्ध्या अंशाचा धंदा आहे. लाल होतं, हिरवं झालं, पैसे द्या. त्या पोरावरही मी किती चिडणार? त्याने २४९ मध्येच सोडलं असतं तर मालकाने त्याला सोडलं नसतं. पाटीवरचा आकडाच मुळी आत येण्यासाठी आहे.

निघताना आप्पा गाडीत येऊन बसले. विचारलं नाही. "वारज्याला सोडा."

सर्व्हिस रोडला लागल्यावर म्हणाले, "हात सोडा." मी जरा सैल केले. गाडी शांतपणे डावीकडे निघाली. माझ्या तोंडून एक शब्द गेला, तो आप्पांनी ऐकला नाही असं दाखवलं. मी घाईघाईने म्हटलं, रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून, त्यामुळे थोडी डावीकडे जाणारच. "पाणी कुठे साचलंय बघा," आप्पा म्हणाले. रस्त्याच्या बरोबर मध्यभागी साचलं होतं.

वारज्याला त्यांनी मला एका पंक्चरवाल्यापाशी थांबवलं. त्याने जॅक लावला, पुढची जोडी मागे घातली, मागची पुढे, नट आवळले, दोनशे रुपये. पुढच्या सरळ पट्ट्यावर मी हात सोडले आणि गाडी सरळ गेली. वडापावच्या गाडीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ओढ टायरमध्ये आहे की बाकी कशात, हे ओळखायला आधी टायरच बदलून बघतात, त्यात काही ज्योतिष नाही. ही गोष्ट २५०४ रुपये घेणाऱ्याला माहीत असणारच.

मला खरं तर आप्पांना नमस्कार करायला हवा होता. पण मी आरशात बघितलं होतं. मी सुट्टे शोधत असताना त्या पंक्चरवाल्याने त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि दोघं ओळखीचं हसले. आता तो चहा साधा चहा होता की काही, हे मी कशावरून सांगू? दिवसभर बाकावर बसून गिऱ्हाइकं इकडची तिकडे वळवायची असतील, तर यापेक्षा चांगला स्वेटर घालता येणार नाही. गाडी सरळ चालतेय, हे मात्र खरं. रात्री झोप लागली नाही.

आपलं घर आल्यावर आप्पा उतरले. दार लावलं, ते बसलं नाही. पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा काच थरथरली.

"हे दार बसत नाही. गाडी अमावास्येला घेतलीत का?"

"पाडव्याला," मी दात ओठ खात म्हटलं.

"मग दार अमावास्येला केलं असेल त्यांनी," आप्पा म्हणाले आणि लोकसत्ता काखेत मारून जिना चढू लागले. तो पेपर गॅरेजचा होता.