केळफूल नको, अळू नको, सुरण नको... मग खायचं काय, नुसता फ्लॉवर?

परवा भाजीवालीकडे झकास केळफूल दिसलं, घट्ट मिटलेलं, देठ ताजा, मी लगेच उचललं तर शेजारी उभी असलेली मुलगी म्हणते, काकू हे साफ कोण करत बसणार हो? (आधी ते काकूच लागलं मनाला, असो.)

आता तिचं अगदीच चुकलं असंही नाही. मी स्वतः एकदा आळस करून अ‍ॅपवरून साफ केलेलं केळफूल मागवलं होतं, कुठलं अ‍ॅप ते जाऊ दे, पाकीट उघडलं तर काळंठिक्कर आणि दांड्या सगळ्या तशाच आत. तेव्हापासून कानाला खडा.

खरं सांगू का, हे काम अवघड नाहीये, फक्त का करतोय ते कुणी सांगत नाही. त्या किचन हॅक्सच्या रील्स बघा, हे घाला ते पिळा झालं, तीस सेकंदात संपलं. माझी चिपळूणची आत्या विळीवर बसून कारणासकट सांगायची म्हणून डोक्यात राहिलं. हाताला आधी खोबरेल चोळ, कारण हा चीक पाण्याला दाद देत नाही, तेलालाच देतो. (फणसालाही तेच, सुरीला पण तेल लावायचं.) मग एकेक पान उलगडून आतल्या फुलांच्या फण्या काढायच्या. प्रत्येक फुलात एक कडक दांडी असते, टोकाला चिकट गोळी असलेली, आणि बुडाशी प्लास्टिकसारखा पापुद्रा. ही दोघं कितीही शिट्ट्या दिल्या तरी शिजत नाहीत, काढायचीच. आतआत गेलं की फुलं कोवळी पांढरट होतात, तिथून पुढे मात्र गाभ्यासकट चिरून टाका, उगाच सोवळं पाळू नका. आणि चिरलेलं थेट ताक घातलेल्या पाण्यात, रात्रभर. हवा लागली की ते काळं पडतं, ताकाच्या आंबटपणामुळे ते कमी होतं आणि तुरटपणा पाण्यात उतरतो. सकाळी घट्ट पिळून ते पाणी फेकायचं. एकदा हे कळलं की ताक संपलं म्हणून अडत नाही, चिंचेचं पाणी घ्या. त्याच रात्री काळे वाटाणे भिजत टाकायचे, दुसऱ्या दिवशी ओलं खोबरं, गुळाचा खडा... बास.

कारण माहीत नसलं की काय होतं तेही सांगते. लग्नानंतरचा पहिला श्रावण, अळूचं फदफदं केलं, डाळ दाणे मुळा सगळं साग्रसंगीत आणि चिंच विसरले. मला वाटायचं चिंच काय चवीपुरती. पहिल्या दोन घासांनंतर कुणी बोलेना, सासरे शांतपणे म्हणाले, सूनबाई आज भाजी घशाशी बोलतेय. अळूच्या पानादेठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात म्हणून खाजतं, हे मला नंतर कळलं. म्हणून अळू नीट गिचका होईस्तोवर शिजवायचं आणि आंबट हवंच, चिंच घ्या आमसूल घ्या नाहीतर चुक्याची आंबट पानं घाला. सुरणालाही तोच नियम, वर हात कोरडे ठेवून तेल लावून सोलायचा आणि फोडी आमसुलाच्या पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच की पूर्वीच्या बायका कशा हौसेने करायच्या. कसली हौस? आत्याच्या पाठीला विचारा. पाऊण तास एका भाजीला म्हणजे तो पाऊण तास कुणाचा तरी असतो आणि तो कायम बाईचाच असायचा, म्हणून सुना पोरींनी ह्या भाज्यांवर फुली मारली तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. भाजी सोडण्यापेक्षा माणसं वाढवा असं माझं म्हणणं. टीव्हीसमोर पेपर पसरायचा, मॅच चालू, चार हात लागले की वीस मिनिटांत केळफूल साफ.

आमच्याकडे रविवारी नवऱ्याला बसवलं. तेल लावा म्हटलं तर म्हणे काही होत नाही. सोमवारी ऑफिसच्या बायोमेट्रिकने त्याचा काळा अंगठा तीनदा नाकारला, शेवटी रजिस्टरवर सही करून आत गेला.