म्हणे फिल्टर काढा, गाडी पळेल!

मामांचा परवा खुशीत फोन. "अरे, फिल्टरचा डबाच काढून टाकला. काय पळतेय गाडी!" मागोमाग तो फॉरवर्डही आला: जुन्या कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) गाडीत एअर फिल्टर इंजिनाचा गळा दाबतो, तो काढून कार्ब्युरेटरच्या तोंडाला नायलॉनचा पातळ मोजा ताणून बांधा. ठेवायचाच तर पेपरचा फिल्टर पेट्रोलने धुऊन वापरा, फोमच्या फिल्टरला भरपूर तेल पाजा. आणि घाण फिल्टरचा मायलेजशी संबंध नाही, हे म्हणे अमेरिकेत सिद्ध झालंय. खाली 'जुन्या मेकॅनिकचा सल्ला'. कुठला मेकॅनिक, देव जाणे.

आधी त्या नायलॉनच्या मोज्याचं बघू, कारण मामांनी तो खरंच बांधला होता. एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण 9,000 लिटर हवा लागते. त्या हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, म्हणजे वाळूच. मोज्यात माशी अडकेल, वाळकं पान अडकेल. इंजिन खाणारी धूळ केसाहून बारीक. ती आरामात आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा नि सिलिंडर यांच्यामध्ये पॉलिश पेपरासारखी घासत बसते. मामांच्या कार्ब्युरेटरच्या तोंडात बोट फिरवलं, चिमटीत चोळलं, तर करकरलं. मोजा बांधून आठवडासुद्धा झाला नव्हता.

त्यात इंजिन कधी कार्ब्युरेटरातून उलटं शिंकलं तर जाळ बाहेर येतो. डब्यातला फिल्टर तो बऱ्यापैकी अडवतो. नायलॉन वितळतं, आणि तो गोळा जवळच्या वाटेने आत ओढला जातो. मग "पळतेय" ते काय? डबा काढला की हवा ओढल्याचा आवाज वाढतो. पळतो तो आवाज!

पेपर पेट्रोलने धुवायचा नसतो. धुतलेला कागद कुठे फाटला ते दिसत नाही. हलक्या हाताने झटका, उजेडासमोर धरून भोकं बघा, नाहीतर सरळ बदला. फोमला तेल हवंच, पण चोळून, पिळून. निथळणारं तेल कार्ब्युरेटरात जातं.

आता ते 'अमेरिकेत सिद्ध'. अभ्यास खरा आहे, ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेचा, 2009 चा. चोंदलेल्या फिल्टरने 2003 ते 2007 च्या तीन गाड्यांच्या मायलेजमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. पण चौथी गाडी 1972 ची, कार्ब्युरेटरवाली, आणि तिच्यात मोजता येईल इतका फरक पडला. फॉरवर्डवाल्याने नेमकी आपल्या कामाची गाडीच गाळली! शिवाय वेग घ्यायला चारही गाड्या मंदावल्या. म्हणजे चोंदलेला फिल्टर गळा दाबतो, एवढं मान्य करावंच लागेल. पण नाक चोंदलं म्हणून कोणी नाक कापतं का?

रविवारी मामांचा डबा मीच परत बसवला. गाडी सुरू झाली, पण रेस दिली तरी उठेचना. मामा लगेच, "बघ, सांगत होतो ना, फिल्टरच!" डबा पुन्हा उतरवला. त्यांचा कार्ब्युरेटर एसयू बनावटीचा, त्यात वर-खाली होणारा स्वतःचा पिस्टन असतो. त्याच्या तोंडाच्या कडेला दोन बारीक भोकं असतात, त्या पिस्टनच्या खाली हवा पोचवणारी. डब्यामागचं गॅस्केट (सांधा बंद करणारी पातळ चकती) मी उलटं लावलं होतं, दोन्ही भोकं बुजली होती, म्हणून पिस्टन वर उचललाच जात नव्हता. गॅस्केट फिरवलं, गाडी उठली. मामांनी मोजा मात्र डिकीत जपून ठेवलाय.